महागिरीचा नारळ

भाऊबीजेची आपली कथा सर्वांना ठाऊक आहे. यम बहिणीच्या घरी जेवायला जातो, यमी त्याला ओवाळते, आणि त्या दिवशी बहिणीच्या हातचे जेवणाऱ्याला मृत्यूचे भय राहत नाही. साक्षात मृत्यू बहिणीच्या दारात पाहुणा होतो, ही त्या कथेतली कल्पना मला फार मोठी वाटत आली आहे. पण याच्या अगदी उलट जाणारी एक कथा ब्रह्मदेशात सांगितली जाते. तिथे बहिणीच्या निरोपावर भाऊ तिच्या सासरी येतो आणि जिवंत जाळला जातो. तो जळालेला भाऊ आज तिथल्या असंख्य घरांचा रक्षक आहे. घरोघरी त्याच्या नावाचा नारळ टांगलेला असतो. या दैवताचे नाव मिन महागिरी. 'मिन' म्हणजे स्वामी. 'महागिरी' हा शब्द तर आपलाच आहे.

मराठी वाचकाला ब्रह्मदेश दोन वाटांनी ठाऊक असतो. एक मंडालेची वाट. लोकमान्य टिळक 1908 ते 1914 या काळात तिथल्या तुरुंगात होते आणि 'गीतारहस्य' त्यांनी तिथेच लिहिले. दुसरी वाट रत्नागिरीची. 1885 साली इंग्रजांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा 1886 पासून 1916 साली मरेपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत राहिला. म्हणजे आपला मोठा माणूस त्यांच्याकडे कैदेत आणि त्यांचा राजा आपल्याकडे कैदेत, असा हा विलक्षण शेजार. पण कैद्यांच्या पलीकडे जाऊन, त्या देशातला साधा माणूस घरात कोणाला हात जोडतो हे आपण फारसे विचारले नाही. गेली काही वर्षे मी महागिरीची कथा आणि तिच्यावरचे लेखन वाचतो आहे. ही कथा धर्माभ्यासकांनी पुष्कळ हाताळली आहे. कथा म्हणून ती फारच थोड्यांनी वाचली आहे, असे माझे मत झाले. ते मत तपासून पाहण्यासाठी हा लेख.

प्रथम थोडी ओळख. ब्रह्मी लोक ज्या अदृश्य शक्तींना 'नात' म्हणतात, त्यांतले काही झाडांचे, पाण्याचे, शिवेचे रखवालदार आहेत. पण त्यांच्या वर सदतीस नातांचे एक मंडळ आहे आणि या मंडळातले बहुतेक जण एके काळी हाडामांसाची माणसे होती. ती अकाली, हिंसेने, पुष्कळदा राजाच्या हुकमाने मेली. अशा मरणाला तिकडे 'हिरवे' किंवा 'कच्चे' मरण म्हणतात. पिकण्याआधी तोडलेल्या फळासारखे. असा जीव पुढच्या जन्माला न जाता मागे रेंगाळतो आणि नात होतो. त्यांना मानणारी माणसे बौद्धच असतात. निर्वाणासाठी बुद्ध आणि रोजच्या अडीअडचणींसाठी नात, ही वाटणी त्यांना खटकत नाही. कुलस्वामी वेगळा, ग्रामदैवत वेगळे आणि विठोबा वेगळा, हे जिथे सुखाने नांदते त्या आपल्या घरांना तरी ती खटकू नये.

आता कथा. उत्तर ब्रह्मदेशात इरावतीच्या काठी तगाउंग नावाचे नगर होते. तिथे न्गा तिन दे नावाचा लोहार राहत असे. तो ऐरणीवर घण घाली तेव्हा सारे नगर हादरे. राजाच्या मनात आले, एवढ्या बळाचा माणूस एक दिवस माझे राज्य घेईल. त्याने लोहाराला पकडण्याचा हुकूम सोडला. लोहार रानात पळाला. बळाने हाती न लागणाऱ्या माणसासाठी राजाने वेगळी युक्ती काढली. लोहाराच्या बहिणीला त्याने राणी केले, आणि मग तिला म्हणाला, तुझा भाऊ पराक्रमी आहे, त्याला बोलाव, मी त्याला अधिकारपद देतो. बहिणीने विश्वासाने निरोप धाडला. बहिणीचा निरोप म्हणून भाऊ आला. राजाच्या माणसांनी त्याला सोनचाफ्याच्या झाडाला बांधले आणि खाली आग पेटवली. बहिणीने निरोप घेण्याच्या निमित्ताने जवळ जाण्याची परवानगी मागितली आणि तिने त्याच आगीत उडी घेतली. तिला मागे ओढण्याचा प्रयत्न झाला. हाती लागले ते केवळ तिचे मस्तक. म्हणून तिचे नाव सोनमुखी. ब्रह्मी भाषेत श्वे म्येत ह्ना.

कथा इथे संपत नाही. दोघे त्याच चाफ्यात वस्ती करून राहिले. झाडाच्या सावलीला येईल ते माणूस, घोडा, गुरू मरू लागले. तेव्हा राजाने झाड मुळासकट उपटून इरावतीत सोडून दिले. ते वाहत वाहत दक्षिणेला पगानला लागले. तिथे थिन्लिजाउंग नावाचा राजा होता. त्याने त्या लाकडातून भावाबहिणीच्या मूर्ती कोरवल्या, पोपा नावाच्या डोंगरावर त्यांची स्थापना केली आणि वर्षातून एकदा राजाने तिथे जाऊन पूजा करण्याचा रिवाज घातला. पोपा डोंगर हाच तो महागिरी.

हे कोणी लिहून ठेवले? कथेची सर्वांना माहीत असलेली लिखित संहिता 'काचमहालाची बखर' या ग्रंथात आहे. बाजीडॉ राजाने 1829 साली भिक्षू, ब्राह्मण पंडित आणि दरबारी विद्वान यांची मंडळी बसवून ती करवली. 1923 साली पे माउंग तिन आणि जी. एच. लूस यांनी तिच्या एका भागाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. 1824 ते 1826 च्या युद्धात इंग्रजांनी बाजीडॉचा पराभव करून त्याचे मोठे प्रदेश तोडून घेतले होते. हरलेला राजा आपल्या घराण्याचा आणि पूर्वसूरींचा गौरव लिहवून घ्यायला बसला होता. आपल्याकडच्या बखरी वाचलेल्यांना हा प्रकार नवा नाही. म्हणूनच एका गोष्टीचे नवल वाटते. राजाच्या आज्ञेने, राजाच्या महालात लिहिल्या गेलेल्या ग्रंथात एका राजाने भीतीपोटी निरपराध माणसाला बायकोच्या तोंडून फसवून मारल्याची हकिगत कसलीही सारवासारव न करता आली आहे. लोहाराने बंड केले, कट केला, कर चुकवला, असे एक वाक्य घालणे लेखकांना अवघड नव्हते. त्यांनी ते घातले नाही. लोहाराचा अपराध एवढाच, की त्याच्या घणाचा आवाज राजवाड्यापर्यंत पोचत होता.

कथेची घडण पाहू. माझ्या दृष्टीने तिचे तीन सांधे आहेत.

पहिला सांधा भीतीचा. ही भीती ज्याच्या हाती सत्ता आहे त्याची आहे, ज्याच्या हाती घण आहे त्याची नव्हे. लोहाराला राज्य हवे होते असे कथेत कुठेही नाही. शस्त्रे ज्याच्या भात्यातून निघतात त्या माणसाकडे पाहून राजाला आपले सिंहासन डळमळताना दिसते. ब्रह्मी परंपरेत माणसाचे पाच शत्रू सांगितले आहेत: आग, पाणी, चोर, दुष्ट माणसे आणि राजा. राज्यकर्ता हा पुरासारखा आणि वणव्यासारखा, म्हणजे त्याच्यापासून जपून राहायचे, ही शिकवण तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मिळते. महागिरीच्या कथेत या पाचांपैकी दोन शत्रू एकत्र येतात. राजा आग लावतो.

दुसरा सांधा निरोपाचा, आणि मला तो कथेचा प्राण वाटतो. सैन्याला जो सापडला नाही तो बहिणीच्या एका शब्दाला सापडला. राजाची आज्ञा रानात पोचत नव्हती. तीच आज्ञा माहेरच्या मायेचे रूप घेऊन गेली तेव्हा पोचली. सत्ता जेव्हा आपल्या माणसाच्या तोंडून बोलू लागते तेव्हा ती ओळखू येत नाही, हे इतक्या थोडक्या शब्दांत सांगणारी दुसरी लोककथा मला आठवत नाही. बहीण खोटे बोलत नाही. ती जे बोलते ते तिला खरे वाटते. खोटेपणा तिच्या शब्दात नाही, शब्द जिथून आला तिथे आहे. म्हणूनच ती आगीत उडी घेते ते केवळ शोकाने घेते असे मला वाटत नाही. ज्या निरोपाने भाऊ आला त्या निरोपाची जबाबदारी ती स्वतःवर घेते. राजाने न घेतलेली जबाबदारी राणीने घेतली.

आपल्या भागात गावोगावी सतीशिळा उभ्या आहेत. तिच्यावर कोपरात वळलेला, चुडा भरलेला हात कोरलेला असतो. तिथे नवऱ्यामागे गेलेली बायको हाताने ओळखली जाते, त्या हातातल्या काकणांनी. चेहरा बहुधा नसतो. सोनमुखी नवऱ्याच्या मागे गेली नाही, नवऱ्याच्या विरुद्ध गेली, आणि तिचा उरला तो चेहरा. दोन समाजांनी दोन जळालेल्या बायका कशा लक्षात ठेवल्या, हा फरक मला बोलका वाटतो.

तिसरा सांधा नदीचा. पहिल्या राजाने झाड पाण्यात सोडले. त्रास देणारे दैवत आपल्या हद्दीबाहेर घालवायचे, ही रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे. मरीआईचा गाडा गावकरी वाजतगाजत शिवेपर्यंत नेतात आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून येतात. शिवेवर राहणाऱ्यांना एवढे नक्की कळते, की गाडा आपल्या हद्दीतून गेला म्हणजे संपला असे नसते; तो कुणाच्या तरी हद्दीत असतोच. तगाउंगने लोटलेले झाड पगानला लागले. फरक एवढाच, की पगानच्या राजाने ते पुढे ढकलले नाही. त्याने ते काठावर ओढून घेतले. एकाने जे पाप म्हणून सोडले ते दुसऱ्याने दैवत म्हणून उचलले.

पण हे उचलणे निर्मळ होते काय? या प्रश्नाशी अभ्यासकांची वाट आणि माझी वाट वेगळी होते.

सदतीस नातांवरचा पहिला मोठा इंग्रजी ग्रंथ सर रिचर्ड कार्नाक टेंपल यांचा, 1906 सालचा. रंगीत चित्रांनी नटलेला हा ग्रंथ अजूनही हाती धरावासा वाटतो. टेंपल आपल्याला अगदीच परके नाहीत. त्यांचे वडील 1877 ते 1880 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, आणि ते स्वतः 1885 पासून 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकाचे संपादक होते. सुरुवातीला त्यांचे सहसंपादक होते ते जे. एफ. फ्लीट, आपल्या कानडी-मराठी मुलखातले शिलालेख आणि ताम्रपट वाचून इथला प्राचीन राजकीय इतिहास लावणारे तेच फ्लीट. या दोघांच्या पिढीची पद्धत एकच होती: गोळा करावे, वाचावे, गटवारी लावावी. त्या पद्धतीचे ऋण आपल्यावर मोठे आहे. पण टेंपल यांच्या हाती महागिरी हा यादीतला एक क्रमांक होतो. कथा त्यांनी दिली आहे, तिचा चटका मात्र त्यांना लागलेला दिसत नाही. हातात ताम्रपट असला म्हणजे दानाची तारीख कळते. ज्याची जमीन गेली त्याचे काय झाले ते कळत नाही. तसेच हे.

नंतरचे ब्रह्मी विद्वान माउंग तिन आउंग यांचा ब्रह्मी बौद्ध धर्मातील लोकधर्मावरचा ग्रंथ 1962 साली ऑक्सफर्डने काढला. रंगून विद्यापीठाचे ते कुलगुरू होते. घरच्या माणसाचा आपलेपणा त्यांच्या लेखनात आहे. त्यांची दृष्टी इतिहासाची: बुद्धधर्म येण्याआधीचे दैवत नव्या धर्मात कसे सामावले गेले हे त्यांना दाखवायचे आहे. अकराव्या शतकातल्या अनोयाठा राजाची कथा इथे महत्त्वाची. अनोयाठा हा 'अनिरुद्ध' या नावाचाच ब्रह्मी उच्चार. 1044 साली गादीवर आलेल्या या राजाने थेरवाद बुद्धधर्म राज्यधर्म केला. परंपरा सांगते, की नातांची पूजा मोडून निघत नाही हे पाहून त्याने त्यांच्या मूर्ती श्वेझिगोन स्तूपाच्या आवारात आणून बसवल्या आणि त्यांच्या डोक्यावर थज्यामिनला, म्हणजे शक्राला, आपल्या इंद्राला, बसवले. लोक जुन्या देवांसाठी येतील आणि येता येता नव्या धर्माला लागतील, हा त्यातला हिशेब. विठ्ठलाच्या महासमन्वयावर रा. चिं. ढेरे यांनी जे लिहिले ते वाचलेल्या मराठी वाचकाला ही प्रक्रिया लगेच ओळखू येते.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मेलफर्ड स्पायरो यांनी मंडालेजवळच्या एका खेड्यात राहून अभ्यास केला आणि 1967 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नातांबद्दल लोकांना भक्तीपेक्षा भय अधिक वाटते, आणि सरकारी अंमलदाराला जसे राजी ठेवायचे तसे नातालाही राजी ठेवायचे असते, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. फ्रेंच अभ्यासिका बेनेदिक्त ब्राक द ला पेरिएर यांचा 1989 सालचा ग्रंथ त्यापुढे जातो. राजाने मारलेल्या स्थानिक वीरांना राजानेच त्या त्या प्रदेशाचे रक्षक नेमले आणि त्यातून एकछत्री राज्याचा नकाशा तयार झाला, हा त्यांचा सिद्धांत. चौघांमध्ये मला त्यांची मांडणी सर्वांत भक्कम वाटते. आणि तरीही ती मला पुरत नाही.

पुरत नाही, कारण ती राजवाड्याच्या बाजूने पाहते. पगानच्या जुन्या तटाला सरभा नावाचा दरवाजा आहे. त्याच्या दोन बाजूंना दोन कोनाडे आहेत; एकात भाऊ, एकात बहीण. ज्याला एका राजाने जाळले तो दुसऱ्या राजाच्या वेशीवर पहारा देतो आहे. राज्यशास्त्राच्या दृष्टीने ही मोठी चतुराई आहे: ज्याच्या बळाची भीती वाटत होती तेच बळ दाराशी बांधून घेतले. पण कथा म्हणून विचारले तर इथे न्याय कुठे झाला? माफी कुणी मागितली? मान मिळाला, नैवेद्य मिळाला, डोंगर मिळाला. हिशेब चुकता झाला नाही. पुढे बळी दिले गेले, आणि ते बळीही सोळाव्या शतकात बायिन्नाउंग राजाने बुद्धधर्माच्या नावाने बंद केले. काय द्यायचे आणि काय थांबवायचे, हे शेवटपर्यंत राजेच ठरवत राहिले. आपण ज्याच्यावर अन्याय केला त्याचा पुतळा उभारावा आणि मग त्याच पुतळ्याला आपला पहारेकरी म्हणावे, ही युक्ती पगानपुरती राहिलेली नाही, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

म्हणून मी वेशीवरून घराकडे वळतो. ब्रह्मी घरात महागिरीची मूर्ती नसते. खांबाला देठासकट एक नारळ टांगलेला असतो, त्याला पागोट्यासारखे तांबडे कापड गुंडाळलेले असते. नारळच का? लोक जे उत्तर देतात ते साधे आहे. तो भाजून मेला. नारळाचे पाणी थंड असते. भाजलेल्या अंगाला त्याने बरे वाटते. नारळाचे पाणी आटले की नारळ बदलतात.

हे उत्तर मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. बखरीने कथा सांगितली. टेंपलनी तिला क्रमांक दिला. तिन आउंग यांनी तिचा काळ सांगितला. स्पायरोंनी तिच्यातले भय दाखवले. पेरिएर बाईंनी तिच्यातले राज्य दाखवले. कुण्या अनामिक घरबाईने मात्र ती ऐकून एकच गोष्ट विचारली असावी: त्याला किती भाजले असेल? आणि तिने नारळ टांगला. वेशीवरच्या कोनाड्यात त्याचे बळ कामाला लावले आहे. घरातल्या खांबावर त्याच्या वेदनेची दखल घेतली आहे. राजाने त्याला रखवालदार नेमले. घराने त्याला भाजलेला माणूस म्हणून आत घेतले, आणि रखवाली तो त्यानंतर करू लागला. या कथेवर आजवर झालेली सर्वांत चांगली समीक्षा, माझ्या मते, तो नारळ आहे. कारण समीक्षेने जे करायचे असते ते त्याने केले आहे: कथेचे दुखरे ठिकाण नेमके शोधले आणि तिथे हात ठेवला.

भय तिथे नसते असे मी म्हणत नाही. स्पायरोंचे निरीक्षण खोटे नाही. नारळ बदलायला विसरलो तर घरावर काही येईल ही धास्ती असतेच. पण केवळ भयातून माणूस दारात लिंबू-मिरची बांधतो. थंड पाण्याने भरलेले फळ टांगून ते आटले की बदलायचे, यात भयाखेरीज आणखी काही आहे. घरातल्या आजाऱ्याची पट्टी वाळली की ती पुन्हा भिजवावी तसे ते आहे.

आता माझी तक्रार, आणि ती या घराविरुद्ध आहे. नारळ भावाचा आहे. बहिणीचे काय? सदतीसांच्या यादीत थज्यामिन पहिला, महागिरी दुसरा आणि सोनमुखी तिसरी. डोंगरावर ती आहे, वेशीच्या कोनाड्यात ती आहे. पण घराच्या खांबाला जो एक नारळ आहे तो महागिरीच्या नावाचा. जळाली तर तीही. आणि तिचे जळणे दुहेरी होते. भावाला आग फक्त बाहेरून लागली. घराने एवढे नेमके ऐकले, पण निम्मेच ऐकले, असे मला पुष्कळ दिवस वाटत राहिले.

अलीकडे मी याकडे थोडे वेगळे पाहू लागलो आहे. तो नारळ टांगतो कोण? पाणी आटले की नाही ते पाहतो कोण? घरातले हे काम कुठल्याही देशात बहुधा बाईच्याच हाती येते. भावाच्या भाजलेल्या अंगावर पाणी घालायला जी बहीण धावली आणि आगीतच गेली, तिचे अर्धे राहिलेले काम ते हात करत आले आहेत. तिचा नारळ नाही, कारण ती नारळाच्या या बाजूला आहे. हे माझे वाचन आहे. बखरीत ते नाही आणि अभ्यासकांत कुणी तसे म्हटलेले नाही. माझी तक्रार त्याने पुरती मिटते असेही नाही. कोनाड्यातल्या सोनमुखीला तिचे स्वतःचे काही मिळायला हवे होते, हे म्हणणे मी मागे घेत नाही.

2021 साली ब्रह्मदेशात लष्कराने पुन्हा सत्ता हाती घेतली आणि त्यानंतर तिथली कित्येक गावे जळाली. पाच शत्रूंच्या यादीतून राजाचे नाव गाळण्याची वेळ अजून आलेली नाही. दुसऱ्यांच्या देवांवर लिहिताना आपल्या देवांची तुलना करून समाधान मानण्याचा मोह होतो; मीही तो इथे दोन-तीनदा केला आहे. पण भाऊबीजेच्या ताटाशी बसताना त्या दुसऱ्या भावाबहिणीची आठवण व्हावी, एवढी ती कथा मोठी आहे. आपल्या यमीने भावाला ओवाळून मृत्यूला दारातून परत पाठवले. सोनमुखीच्या हाती तेवढी ताकद नव्हती. तिने निरोप धाडला होता, आणि त्या निरोपाची किंमत तिने स्वतः भरली.